मूल खुरटलं की आईच दोषी?

खटावची_आई
कोरेगावच्या नानांनी काल इथे लिहिलं, “हल्लीच्या आयांना पोरांना भरवायचा कंटाळा, म्हणून पोरं खुरटतात, पाय वाकतात. नाचणी द्या, उन्हात सोडा, ‘ड’ जीवनसत्त्वाचं सहा लाख युनिटचं इंजेक्शन टोचा. तपासण्या म्हणजे नुसती लूट.” वाचून रात्रभर डोळा लागला नाही.

माझा मुलगा चार वर्षांचा असताना ९ किलो २०० ग्रॅम होता. खाल्लेलं अंगीच लागायचं नाही. रात्री तीन-तीनदा उठून माठाशी जायचा, तांब्या दोन्ही हातांनी धरून घटाघटा प्यायचा. पहाटे अंथरूण ओलं. पाय वाकले तेव्हा सगळे म्हणाले मुडदूस. ‘ड’च्या साठ हजार युनिटच्या पुड्या झाल्या, मग इंजेक्शन. सासूबाई रोज दृष्ट काढायच्या. एका सकाळी त्याला मान उचलता येईना. रक्तातलं पोटॅशियम निघालं २.३, फारच कमी. आम्ल आवरणारं बायकार्बोनेट ११, जे २२ च्या आसपास हवं. आजाराचं नाव डिस्टल आरटीए. मूत्रपिंडातल्या बारीक नळ्या आम्ल बाहेर टाकत नाहीत. ते रक्तात साठतं, हाडं झिजतात आणि हाडांतलं कॅल्शियम मूत्रपिंडात जाऊन बसतं. आणि आम्ही वरून कॅल्शियम वाढवणारं ‘ड’ ओतत होतो! सोनोग्राफीत दोन्हीकडे कॅल्शियमचे ठिपके होते.

औषध काय, तर सोडा बायकार्बच्या गोळ्या आणि पोटॅशियम सायट्रेटचं पातळ औषध, दिवसातून चार वेळा. १४ महिन्यांत साडेचार किलो वाढला. आईला दोष देण्यात आमची दोन वर्षं गेली. त्यात शाळेत लघवीला सोडलं नाही म्हणून ओल्या चड्डीवर घरी आला, ते वेगळंच.

कोरेगावचे_नाना
ताई, असं पोर लाखात एखादं. सगळ्यांना कशाला घाबरवता? आमच्या आईनं सात पोरं आंबिलीवर वाढवली, एकाचीही तपासणी केली नाही.

खटावची_आई
सातही जगली का, नाना?

कोरेगावचे_नाना
दोन गेली. तेव्हा जातच असत.

तासगावचे_गुरुजी
शाळेचा विषय काढलाच आहे तर ऐका. वर्गात ४३ मुलं. एकाला सोडलं की दहा उठतात. टाकी आठवड्यातून तीन दिवस कोरडी. शौचालयाची बादली मी स्वतः हापशावरून भरून आणतो. दर वेळी मास्तरच गुन्हेगार?

खटावची_आई
गुरुजी, मी तुमचं नाव घेतलं का? माझं लेकरू हात वर करून उभं होतं. डॉक्टरांची चिठ्ठी दप्तरात होती, कुणी उघडून पाहिली नाही.

तासगावचे_गुरुजी
चिठ्ठी हातात द्यायची असते, दप्तरात नाही.

मिरजेची_सिस्टर
दोघंही थांबा. मी बालरुग्ण विभागात काम करते. शाळेत लघवीला जायला नको म्हणून मुली सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत, संध्याकाळी घरी धावत येतात. मग लघवीला जळजळ, ताप. ज्यांची लघवी मूत्राशयातून उलटी वर चढते, त्यांच्या मूत्रपिंडावर अशा प्रत्येक संसर्गानं व्रण राहू शकतो. केरळात २०१९ मध्ये शाळांत पाणी प्यायची घंटा सुरू झाली. आपल्याकडे घंटा वाजवाल, पण नंतर पोरी जातील कुठे?

तासगावचे_गुरुजी
हेच तर म्हणतोय! टाकीसाठी ग्रामपंचायतीला तीन अर्ज दिलेत. ग्रामसभेला पालक किती आले? चार.

जतचा_बाप
शाळा-शाळा पुरे. माझ्या मुलाची लघवीची धार लहानपणापासून बारीक, थेंब थेंब. माझी आई म्हणायची, त्याच्या बापाचंही असंच होतं. मूत्रमार्गात जन्मतः लघवी अडवणारा पडदा होता. पोटात असतानाच सोनोग्राफीत मूत्रपिंड फुगलेलं दिसलं होतं, रिपोर्ट मीच ट्रंकेत ठेवला. आज तो १४ चा आहे, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. योजनेतून होतं, पैसे लागत नाहीत. पण सकाळी सहाच्या एसटीनं सांगलीला जायचं, चार तास मशिनवर, रात्री परत. अभ्यास एसटीत. नाना, लाखात एक म्हणताना तो एक कुणाच्या तरी घरात असतो.

कोरेगावचे_नाना
वाईट वाटलं, पाटील. मी काही दगड नाही. बरं, मानलं, लघवी तपासा. स्वस्तात होतं. पण लगेच पुण्याला पळायला सांगू नका.

मिरजेची_सिस्टर
नाना, तिथेच फसगत होते. नळ्यांच्या आजारात लघवीत प्रथिनं दिसतीलच असं नाही, किडनीसाठी रक्तात नेहमी पाहतात ते क्रिएटिनिनही नॉर्मल येऊ शकतं आणि घरचे म्हणतात किडनी ठणठणीत. वजन-उंची अडलेली, तहान भयंकर आणि लघवी भरपूर असेल तर सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड आणि रक्तातलं आम्ल दाखवणारं ब्लड गॅस हवंच. मिरज, कराड, साताऱ्यात होतं. ‘ड’ द्यायच्या आधी कॅल्शियम, फॉस्फरसही पाहा. साधा मुडदूस खूप मुलांना असतो आणि तो ‘ड’नंच बरा होतो, एवढं नानांचं बरोबर आहे.

कोरेगावचे_नाना
म्हणजे मी पूर्ण चुकीचा नव्हतो.

खटावची_आई
‘ड’बद्दल नव्हता. आयांबद्दल होता, आणि ती ओळ तुम्ही अजून काढलेली नाही.

कोरेगावचे_नाना
कंटाळ्याची ओळ काढतो. बाकीचं राहील.

तासगावचे_गुरुजी
ताई, मुलाच्या आजाराबद्दल साध्या मराठीत चार ओळी इथे टाका. छापून आमच्या शिक्षक खोलीत लावतो. माझ्या वर्गातही एक मुलगी सारखी नळाकडे पळते, मी तिला दोनदा ओरडलोय.

खटावची_आई
रात्री दहाचा डोस देऊन लिहिते. त्या मुलीचं वजन उद्याच करून घ्या, गुरुजी.