मदत हवी आहे: पोर्श ९१७ पुढे फेरारी ५१२ का हरली?

चक्रधर: शनिवारी मला शर्यतीच्या या दोन गाड्यांची तुलना मांडायची आहे आणि दोन दिवस वाचूनही एकाच जागी अडलो आहे. दोन्हींना १२ सिलिंडर, दोन्ही ५ लिटर इंजिनाच्या वर्गातल्या, शर्यतीच्या नियमाप्रमाणे दोन्हींच्या २५ गाड्या बांधलेल्या. तरीही १९७० आणि १९७१ या दोन्ही वर्षी फ्रान्समधील ल मांची २४ तासांची शर्यत पोर्शने जिंकली. फेरारी कशात कमी पडली? कृपया लवकर सांगावे. ‘दोन्ही गाड्या थोर होत्या’ हे उत्तर नको.

दुसरा गिअर: कोणती ५१२? १९७० ची एस की वर्षाअखेरीस आलेली एम? आणि ९१७ आखूड शेपटीची (म्हणजे मागच्या भागाची) की लांब?

तेलकट हात: प्रकार कोणताही असो, उत्तर हवेने थंड होणारे इंजिन हेच आहे. पोर्शचे अभियंते हान्स मेत्सगर यांच्या इंजिनावर मोठा पंखा आडवा बसवलेला होता. रेडिएटर नाही, पाणी नाही, त्यामुळे बिघडायला तेवढ्या वस्तू कमी. माझ्या स्कूटरचे इंजिनही हवेनेच थंड होत असे आणि तीस वर्षांत तिने मला एकदाही रस्त्यात सोडले नाही.

दुसरा गिअर: स्कूटरवरून ल मांचा निष्कर्ष काढू नये. हाच पंखा असलेली ९१७ १९६९ साली भर वेगात इतकी डगमगत असे की कसलेले चालकही तिला बिचकत, आणि त्या वर्षी ल मांच्या पहिल्याच फेरीत जॉन वूल्फ तिच्या अपघातात मरण पावले. दोष शेपटीच्या आकारात होता. ऑक्टोबरात ऑस्ट्रियातील चाचणीच्या वेळी पोर्शच्या गाड्या शर्यतीत उतरवणाऱ्या जॉन वायर यांच्या पथकातील जॉन हॉर्समन यांच्या लक्षात आले की गाडीच्या अंगावर चिलटे चिकटली आहेत, पण शेपटी मात्र स्वच्छ आहे, म्हणजे हवा तिला स्पर्शच करत नाही. तेथेच पत्रे ठोकून शेपटी आखूड आणि उंच केली, आणि गाडी स्थिर झाली.

प्रवासी पक्षी: ९१७ पाहायची असल्यास श्टुटगार्टहून एस ६ लोकलने नॉयविर्ट्सहाउस स्थानकावर उतरावे, पोर्शचे संग्रहालय समोरच आहे.

चक्रधर: आभारी आहे, पण मी तिकडे जाणार नाही. ५१२ एस म्हणायचे होते, लिहायचे राहिले. तिचे इंजिन लहान होते, हे कारण धरावे का?

दुसरा गिअर: उलट आहे. १९७० मध्ये पावसात जिंकलेल्या हान्स हेरमान आणि रिचर्ड ॲटवुड यांच्या ९१७ चे इंजिन ४.५ लिटरचे होते, फेरारीचे ५ लिटरचे.

मोदेनाप्रेमी: फेरारी कमी पडली नाही, उशिरा आली. पोर्शचे हाल १९६९ मध्येच भोगून झाले होते, ५१२ एस मात्र १९७० मध्ये थेट मैदानात उतरली. तरीही तिने अमेरिकेतील सेब्रिंगची १२ तासांची शर्यत जिंकली, हे कोणी सांगत नाही. ल मांला एका अपघाताने चार ५१२ बाद केल्या, त्यात पंख्याचा काय संबंध? सुधारलेल्या ५१२ एमने वर्षाअखेरीस दक्षिण आफ्रिकेतील क्यालामीची ९ तासांची शर्यत जिंकली, पण १९७२ पासून इंजिनाची मर्यादा ३ लिटरवर येणार असल्याने कारखान्याने १९७१ मध्ये लहान गाडीकडे लक्ष वळवले आणि एम खासगी पथकांच्या हाती राहिली.

तेलकट हात: तरीही पंख्याचा मुद्दा राहतोच.

दुसरा गिअर: चक्रधर, श्रोते कोण आणि वेळ किती, हे आपण अजूनही सांगितलेले नाही.

चक्रधर: सातवीची मुले आहेत आणि वेळ दहा मिनिटे आहे.

मोदेनाप्रेमी: मग चिलटांपासून सुरुवात करा. सेब्रिंग मात्र गाळू नका.