डेफ लेपर्डचा 'हिस्टेरिया': कारागिरी की कारखान्यातला माल?

रात्रपाळी
डेफ लेपर्ड हा इंग्लंडमधल्या शेफिल्डचा बँड. त्यांचा 'हिस्टेरिया' ऑगस्ट १९८७ मध्ये आला. तेव्हा केस फुगवून, घट्ट विजारी घालून डझनांनी बँड पॉप मेटल, म्हणजे जड गिटारांचा पण गोड चालींचा रॉक, वाजवत होते. त्यातल्या बहुतेकांची एकदोन गाणी उरलीत, हा अल्बम मात्र अख्खा ऐकला जातो. का? 'तरुणपणीच्या आठवणी' हे उत्तर मला पुरत नाही. आठवणी बाकीच्या बँडांच्याही आहेत की.

माझं म्हणणं, हा अल्बम टिकला तो त्याच्या कृत्रिमपणामुळे. निर्माता रॉबर्ट जॉन 'मट' लँग. एसी/डीसीचा 'बॅक इन ब्लॅक'ही त्याचाच, पण तो ऐकताना पाच माणसं एका खोलीत उभी राहून वाजवताहेत असं वाटतं. इथे त्याने उलटंच ठरवलं. मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'सारखा रॉक अल्बम करायचा, कुठलंही गाणं सुटं काढलं तरी रेडिओवर चालावं. त्यासाठी काही ठिकाणी गिटारची कॉर्ड एकदम न छेडता तिच्यातला एकेक सूर वेगळा रेकॉर्ड केला. भिंतीएवढे अ‍ॅम्प्लिफायर सोडून हेडफोन लावून वाजवायच्या 'रॉकमन' नावाच्या डबीतून गिटार घेतली. कोरससाठी तेच गळे पुन्हा पुन्हा, थरावर थर. १२ गाण्यांतली ७ सिंगल म्हणून (सुटी) निघाली, 'लव्ह बाइट्स' तर अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

तुमचं मत लिहा. फक्त 'हे मेटलच नाही' एवढं टाकून पळू नका.

जाडतार
हे मेटलच नाही. (पळत नाही, इथेच बसलोय.)

हा अल्बम यायच्या जेमतेम दोन आठवडे आधी, २१ जुलैला गन्स एन' रोझेसचा 'अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' आला होता. दोन्ही लागोपाठ लावून बघा. एकात लॉस एंजेलिसच्या गल्लीतली घाण, घाम, भीती सगळं आहे. दुसऱ्यात काय आहे? साच्यातून काढलेला पीओपीचा गणपती. गुळगुळीत, चकचकीत, सोंड अगदी मापात. शाडूच्या मूर्तीवर घडवणाऱ्याच्या बोटांचे ठसे सापडतात, इथे ते घासून घासून घालवलेत, आणि घासायला तीन वर्षं घेतली. स्टुडिओचा खर्च असा वाढला की पन्नास लाख प्रती खपल्या तर कुठे मुद्दल निघणार, असं हे लोक स्वतःच सांगत आलेत. एवढं देणं डोक्यावर असताना कुणी धाडस करत नसतो राव, खपेल तेच करतो.

सम_गाठली
जाडतार, तीन वर्षं नुसती घासण्यात गेली नाहीत. १९८४ मध्ये रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हा लँग नव्हता, जिम स्टाइनमन या दुसऱ्या निर्मात्याला आणलं होतं. ते जमलं नाही. मग ३१ डिसेंबरला शेफिल्डजवळ ड्रमर रिक अ‍ॅलनची गाडी रस्ता सोडून गेली आणि त्याचा डावा हात गेला. वय २१. दुसऱ्या कुठल्याही बँडने महिन्याभरात नवा ड्रमर बघितला असता. यांनी बघितला नाही. अ‍ॅलनने सिमन्सचा इलेक्ट्रॉनिक संच स्वतःपुरता बदलून घेतला आणि डाव्या हाताचं काम डाव्या पायाखालच्या पेडलांवर नेलं. मी स्वतः ड्रम वाजवतो, म्हणून सांगतो: स्नेअर (संचातला कडक वाजणारा ड्रम) हाताने मारायची सवय वर्षानुवर्षांची असते. ती पायात उतरवायची म्हणजे जुनं सगळं विसरून पहिल्यापासून शिकणं. ऑगस्ट १९८६ मध्ये डोनिंग्टनच्या 'मॉन्स्टर्स ऑफ रॉक' महोत्सवात तो त्या अफाट गर्दीसमोर वाजवून गेला, अल्बम बाहेर यायच्या वर्षभर आधी.

जाडतार
अ‍ॅलनबद्दल एक शब्द वाकडा बोलणार नाही. माणूस म्हणून त्याला दंडवत. पण मुद्दा अल्बमचा आहे. त्यातले ड्रम बहुतांशी सुट्या आवाजांचे नमुने घेऊन फेअरलाइट संगणकावर रचलेत, तेही बाकी सगळं झाल्यावर. मग जिद्दीची गोष्ट आणि कानावर पडणारा आवाज यांचा संबंध काय? आपण गोष्टीला टाळ्या वाजवतो आणि त्या अल्बमच्या खात्यात जमा करतो.

रात्रपाळी
प्रश्न रास्त आहे. पण संगणकावर रचलेले ड्रम त्या दशकात सगळीकडे होते आणि बहुतेक ठिकाणी आज ते हास्यास्पद वाटतात. 'रॉकेट' हे गाणं मात्र अजून छातीत बसतं, कारण तिथे आफ्रिकेतल्या बुरुंडीच्या ढोलांवरून सुचलेला ठेका आहे आणि त्याच्याभोवती भरपूर जागा मोकळी सोडलीय. यंत्र सगळ्यांकडे होतं. कुठे थांबायचं हे लँगला कळत होतं.

मीनाक्षी_प
तुमचं सगळं गिटार-ड्रमवर चाललंय, शब्दांचं कुणीच काढत नाही. 'विमेन'चे शब्द कुणी मला समजावून सांगा बरं. अल्बमची सुरुवातच त्याने होते. आणि 'पोअर सम शुगर ऑन मी'ला काही अर्थ आहे असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? मला तो काळ आठवतो. वर्गातली मुलं हे गाणं आमच्याकडे बघून म्हणायची, तेव्हा ते इतकं निरागस वाटायचं नाही.

तरी अल्बम माझ्याकडे आहे आणि मी तो लावते, मुख्यतः शीर्षकगीतासाठी. त्यात आरडाओरडा नाही. स्टीव्ह क्लार्क आणि फिल कॉलेन यांच्या दोन गिटार एकमेकींना उत्तरं देत राहतात, एक सूर धरते तर दुसरी त्याच्या आजूबाजूला फिरते. रात्रपाळी, याला मी कृत्रिमपणा म्हणणार नाही. क्लार्क १९९१ च्या जानेवारीत गेला, तीस वर्षांचा. त्यानंतरही त्यांचे अल्बम चांगले खपले, पण त्या दोघांमधलं हे बोलणं मला पुन्हा ऐकू आलं नाही.

दुसऱ्या बाजूच्या काही गाण्यांना मात्र मीही जाडतारांसारखं साच्यातलंच म्हणेन. 'एक्सायटेबल' लागलं की मी चहा ठेवते.

नवा_भिडू
माझा जन्म १९९९ चा, त्यामुळे आठवणींचा आरोप माझ्यावर लागू नाही. :)

मला हा बँड सापडला २०१८ मध्ये, कारण त्याआधी त्यांचा जुना माल स्ट्रीमिंगवर नव्हताच. कंपनीशी पैशांवरून वाद चालला होता. मधल्या काळात, २०१२ मध्ये, त्यांनी 'पोअर सम शुगर' स्वतःच नव्याने रेकॉर्ड करून विकायला ठेवलं, जुन्याची हुबेहूब नक्कल म्हणून. मी दोन्ही हेडफोनवर ऐकलीत. नव्यात सूर जागेवर, शब्द जागेवर, पण कोरस येतो तेव्हा जुन्यातली ती भिंत अंगावर कोसळत नाही. जाडतारकाका, साचा असता तर त्याच माणसांना तोच गणपती पुन्हा काढता आला असता ना?

जाडतार
काका?! असो.

नक्कल जमली नाही याचं कारण सोपं आहे: गायक जो एलियटचा गळा पंचवीस वर्षांनी म्हातारा झाला होता. आणि त्या गाण्याचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो. ते अल्बममध्ये सगळ्यात शेवटी तयार झालं. काम संपत आलं होतं, मधल्या सुट्टीत एलियट गिटार घेऊन काहीतरी गुणगुणत होता, लँगच्या कानावर पडलं, आणि थोडक्या दिवसांत गाणं उभं राहिलं. ब्रिटनमध्ये अल्बम थेट पहिला आला होता, पण अमेरिकेत तो वर चढताना रखडत होता. त्याला पहिल्या क्रमांकावर न्यायला जवळजवळ वर्ष लागलं, जुलै १९८८ उजाडला, आणि नेलं कुणी? या गाण्याने. म्हणजे तीन वर्षं घासलेल्या अकरा गाण्यांना चटकन सुचलेल्या एकाने तारलं. रात्रपाळींच्या मूळ मुद्द्याचं आता काय करायचं?

रात्रपाळी
सुचलं चटकन, पण बांधलं त्याच पद्धतीने. गुणगुणणं आणि तो कोरस यांच्यामध्ये लँग उभा आहे. नुसतं गुणगुणणं तसंच छापलं असतं तर शेफिल्डच्या एखाद्या पबबाहेर गेलं नसतं.

'खपेल तेच' म्हणणाऱ्यांनी 'गॉड्स ऑफ वॉर' विसरू नये. साडेसहा मिनिटं, रेगन आणि थॅचर यांचे खरे आवाज मध्ये घातलेले, विषय युद्ध. नाचायच्या अल्बममध्ये हे कोण ठेवतं?

सम_गाठली
जाडतार, एक विचारू? तुम्ही हा कशावर ऐकलाय? अल्बम ६२ मिनिटांचा, आणि तो एकाच एलपीत (तबकडीत) कोंबला. एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं सुखाने बसतात, इथे तीसच्या वर गेली. खाचा अरुंद कराव्या लागतात, आवाज आणि खालचे सूर दोन्ही दबतात. त्यावर ऐकून 'गुळगुळीत' म्हणत असाल तर दोष निम्मा तबकडीचा.

जाडतार
कॅसेट. ऱ्हिदम हाउसमधून घेतलेली, मित्राची. बी बाजूला फीत खाल्ली होती, त्यामुळे 'लव्ह अँड अफेक्शन' आम्ही कायम पाण्याखालून ऐकलं.

आज रात्री हेडफोन लावून पहिल्यापासून ऐकतो. लगेच 'अ‍ॅपेटाइट'ही ऐकणार आहे, तुलनेसाठी. मत बदलेल याची आशा ठेवू नका. आणि नवा_भिडू, काका म्हणायचं नाही.

नवा_भिडू
बरं, आजोबा.