१११११११११ चा वर्ग दोन्ही बाजूंनी सारखाच का वाचता येतो?

प्रश्न (सोलापूर)
मी चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहितो. आठवीतल्या माझ्या मुलीने नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग वहीत केला. उत्तर आले १२३४५६७८९८७६५४३२१. ताळा पाहावा म्हणून मी तोच गुणाकार संगणकावर स्प्रेडशीटमध्ये केला, तर १२३४५६७८९८७६५४३०० असे दिसले. "बाबा, दोन्ही संख्यांच्या एककस्थानी एक असताना गुणाकाराच्या शेवटी शून्य येईलच कसे?" असे तिने विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. तिचे बरोबर असेल, तर अंक नऊपर्यंत चढून तसेच उतरतात ते कशामुळे?

उत्तर १
मुलीचेच बरोबर आहे. स्प्रेडशीट संख्येचे पहिले पंधरा अंकच जपते आणि पुढच्या जागी शून्ये भरते; ही संख्या सतरा अंकी असल्यामुळे शेवटचे २१ गळाले.

उत्तर २ (निवृत्त गणित शिक्षक, सोलापूर)
चौकटींच्या वहीत उभा गुणाकार मांडा. नऊ ओळी येतील, प्रत्येकीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. आता उजवीकडून एकेक उभा स्तंभ मोजा: पहिल्यात एकच एक, दुसऱ्यात दोन, असे वाढत नवव्या स्तंभात नऊच्या नऊ ओळी एकाखाली एक येतात आणि तिथून पुढे एकेक ओळ संपत जाते. कोणत्याही स्तंभाची बेरीज नऊच्या पुढे जात नसल्यामुळे कुठेही हातचा येत नाही आणि स्तंभांची मोजणीच जशीच्या तशी उत्तर म्हणून उतरते. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी अशा संख्यांना डेम्लो संख्या म्हटले. ते नाव त्यांनी डोंबिवली स्थानकावरून घेतले, ज्याला तेव्हा डेम्लो म्हणत. आपण सोलापूरहून रेल्वेने मुंबईला जातो तेव्हा कल्याणनंतर लागते तेच हे स्थानक.

उत्तर ३
अवयवही पाहण्यासारखे आहेत. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि यातला ३३३६६७ हा मूळ आहे. म्हणून वर्गात ३ चार वेळा, तर ३७ आणि ३३३६६७ दोन-दोन वेळा येतात आणि एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५ होतात. पूर्ण वर्ग असल्यामुळेच विभाजकांची संख्या विषम आहे. अंकांची बेरीज ८१ होते, आणि ८१ ने या संख्येला नि:शेष भागही जातो. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. मुलीने रात्री लगेच दहा एकांचा वर्ग केला: १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या स्तंभात दहा आल्यामुळे शून्य उरले आणि हातचा एक डावीकडच्या नऊत मिळून तिथेही शून्य झाले. सातानंतरचा आठ कुठे गेला हे मात्र तिला थोड्या वेळाने उमगले, त्याच हातच्याने तो नऊ झाला होता.