मदत हवी आहे : मजकूर, छायाचित्रे आणि व्हिडिओ यांच्या सर्व्हरना नावे कशी द्यावीत?

देवगडचा_बागायतदार : आमच्या आंबा बागायतदार संस्थेचे संकेतस्थळ आता वेगवेगळ्या सर्व्हरवर हलवायचे आहे. पाने, छायाचित्रे, व्हिडिओ आणि भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीसाठी सभासद अपलोड करतात ती कागदपत्रे वेगळी राहतील. समितीतील काहींना किल्ल्यांची नावे हवी आहेत, तर काहींना ‘फोटो_१’, ‘व्हिडिओ_१’ अशी. हापूसची आगाऊ नोंदणी तोंडावर आली आहे, म्हणून कृपया थेट उत्तर द्यावे.

खाडीकाठ : ही नावे ब्राउझरच्या पत्त्यात दिसणार आहेत, की केवळ तुमच्या वापरासाठी आहेत? यंत्रे किती?

जुना_तांडेल : किल्ल्यांचीच द्या. १९९० सालच्या आरएफसी ११७८ या इंटरनेटविषयीच्या दस्तऐवजामध्ये यंत्रांच्या गटाला एका विषयातील नावे द्यावीत, असेच सुचवले आहे. विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, जयगड. आपल्या किनाऱ्यावर नावांना काय तोटा!

मालवणी_माणूस : रात्री व्हिडिओ बंद पडले, तर नव्याने लागलेल्या मुलाला सुवर्णदुर्गावर काय ठेवले आहे हे कसे कळावे? मात्र ‘फोटो_१’ही चालणार नाही, कारण होस्टच्या, म्हणजे यंत्राच्या, नावात रोमन अक्षरे, अंक आणि हायफन एवढेच बसते, अंडरस्कोर बसत नाही.

गुहागरकर : व्हिडिओ यूट्यूबवर ठेवावेत, म्हणजे प्रश्नच मिटेल.

देवगडचा_बागायतदार : यूट्यूबविषयी मी विचारलेले नाही. यंत्रे चार आहेत, भाड्याची आहेत आणि नावे ग्राहकांना दिसणार आहेत. हे उघडच आहे, असे मला वाटले होते.

जुना_तांडेल : मग छायाचित्रे तीन-चार नावांत विभागा. ब्राउझर एका नावाशी एका वेळी साधारण सहाच जोडण्या उघडतो, नावे जास्त असली की छायाचित्रे लवकर उतरतात.

मालवणी_माणूस : ती युक्ती एचटीटीपी १.१ च्या, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील जुन्या संवादपद्धतीच्या, काळातली आहे. २०१५ साली आलेल्या एचटीटीपी २ मध्ये एकाच जोडणीवरून अनेक मागण्या एकाच वेळी जातात, त्यामुळे जास्त नावे म्हणजे उलट जास्त जोडण्यांचा खर्च.

खाडीकाठ : आता उत्तर देता येईल. यंत्राला किल्ल्याचे नाव खुशाल द्यावे, पण ग्राहकाला दिसणारे नाव कामाचे असावे, आणि डीएनएसमधील (इंटरनेटवरील नावांच्या नोंदवहीतील) सीनेम नोंदीने, म्हणजे एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणाऱ्या नोंदीने, ते यंत्राच्या नावाकडे वळवावे. उद्या व्हिडिओ जयगडावरून विजयदुर्गावर नेले, तरी आधी टीटीएल (जुनी नोंद किती वेळ साठवून वापरली जाते तो कालावधी) कमी करून एक नोंद बदलली की पुरते, आणि पेट्यांवर छापलेला क्यूआर कोड तसाच चालतो. वाइल्डकार्ड प्रमाणपत्र (डोमेनखालील अनेक नावांना एकच चालणारे सुरक्षा प्रमाणपत्र) घेणार असाल, तर मुख्य डोमेनच्या आधी नावात एकच पातळी ठेवावी, कारण ते त्याखालच्या पातळीला लागू होत नाही. सभासदांच्या कागदपत्रांना मात्र उपनाव (मुख्य डोमेनखालचे नाव) पुरेसे नाही, स्वतंत्र डोमेनच घ्यावे. एखाद्याने कागदपत्राच्या नावाखाली स्क्रिप्ट असलेली फाइल चढवली आणि मुख्य डोमेनच्या कुकीज (लॉगिनसारख्या, ब्राउझरमध्ये साठवलेल्या नोंदी) सर्व उपनावांना लागू असल्या, तर त्या स्क्रिप्टला त्यांच्याशी खेळता येते.

देवगडचा_बागायतदार : दुसऱ्या डोमेनच्या खर्चाला समितीची मंजुरी लागेल. तोवर कागदपत्रे मुख्य डोमेनवरच घेतली तर चालेल का?

खाडीकाठ : घ्या, पण ब्राउझरमध्ये उघडू देऊ नका, केवळ डाउनलोड होतील अशी व्यवस्था ठेवा. सर्व्हरचे सॉफ्टवेअर कोणते वापरता, अपाची की एनजिनएक्स? त्याप्रमाणे सेटिंग सांगतो.