शब्दचर्चा (बोलणाऱ्यांची ओळख नाशिकमधल्या त्यांच्या भागांच्या नावांनी) : प्रथिन भिंतीत ‘शोषलं जातं’, की भिंतीला ‘चिकटतं’?

सातपूर : तपासणी किटसोबतच्या मराठी माहितीपत्रकात एक वाक्य आहे : ‘प्रथिन प्लास्टिकमध्ये शोषले जाते व विकृत होते.’ ‘शोषले’ आणि ‘विकृत’ दोन्ही खटकतात. वापरणारे तंत्रज्ञ आहेत, त्यांना कळेल असं काय लिहावं?

कॉलेज रोड : ताई, ‘शोषले’ आधी काढाच. टिपकागद शाई शोषतो, तेव्हा शाई कागदाच्या आत जाते. इथे प्रथिन पॉलिस्टायरीनच्या, म्हणजे किटमधल्या प्लास्टिक खळग्यांच्या भिंतीच्या, आत जातच नाही, पृष्ठभागावर एका रेणूच्या जाडीचा थर बसतो. एका चौरस मीटरवर साधारण 1 ते 3 मिलिग्रॅम, बस्स. त्यासाठी ‘अधिशोषण’ हा शब्द रुळलेला आहे, कुठे ‘पृष्ठशोषण’ही दिसतो. ‘अधि’ म्हणजे ‘वर’, त्यामुळे अर्थ नेमका येतो. पण माहितीपत्रकात ‘पृष्ठभागाला चिकटते’ हेच बरं. वाचणाऱ्याला शब्दकोश काढावा लागू नये.

‘विकृत’चं प्रकरण अवघड आहे. प्रथिनाची साखळी पाण्यात घडी होऊन बसते, पाण्याशी न पटणारे भाग आत लपवते. पॉलिस्टायरीनचंही पाण्याशी पटत नाही. मग आतले भाग भिंतीकडे वळतात आणि घडी सैल होते. ती किती सैल होईल हे प्रथिनावर आहे. लायसोझाइम या अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनाची घडी घट्ट, सहजी हलत नाही. दुधातलं अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन लांबीने जवळपास तेवढंच, दोघांत घडी धरून ठेवणारे गंधकाचे दुवे (डायसल्फाइड बंध) ही चार-चार, घडीचा नमुनाही सारखा. तरी ते पटकन सैलावतं, कॅल्शियम काढून घेतलं तर जास्तच. ‘विकृत’ म्हटलं की वाचणाऱ्याला उकडलेलं अंडं आठवतं, सगळं बिघडलं असं वाटतं. तसं दर वेळी होत नाही. ‘आकार बदलतो’ लिहा, आणि जिथे काम खरंच थांबतं तिथेच ‘निकामी होते’.

दिंडोरी रोड : चिकटणं आणि उलगडणं ही दोन वेगळी क्रियापदं ठेवा, हे आमच्या वाइनरीच्या कामातून ठामपणे सांगतो. पांढऱ्या वाइनमध्ये द्राक्षाची प्रथिनं राहतात. एप्रिल-मेच्या उन्हात माल तापला की ती उलगडतात, एकमेकांना धरतात आणि बाटली धुरकट दिसते. त्यांतलं एक, कायटिनेज, 55 अंशांच्या आसपास उलगडतं आणि थंड केलं तरी परत घडी घेत नाही. कमी तापमानातही हे होतंच, फक्त वेळ लागतो. उपाय बेंटोनाइट, ही एक फुगणारी चिकणमाती. वाइनच्या आंबटपणात, म्हणजे 3 ते 3.6 पीएचला, ही प्रथिनं धनभारित असतात आणि ही माती ऋणभारित, म्हणून ती मातीला चिकटून गाळासोबत खाली बसतात. म्हणजे उलगडण्याने वाइन गढूळ होते आणि चिकटण्याने नितळ!

माती कोरडी टाकू नये. गरम पाण्यात ढवळत थोडी थोडी सोडून 5 टक्क्यांचं मिश्रण करावं आणि रात्रभर फुगू द्यावं. थेट वाइनमध्ये टाकली तर गुठळ्या होतात, नीट फुगत नाही आणि चिकटायला जागाच कमी उरते. मात्रा आधी नमुन्यांवर ठरवावी : लिटरला 0.25, 0.5, 0.75, 1 ग्रॅम. प्रत्येक नमुना गाळून 80 अंशांवर दोन तास ठेवावा, थंड करावा आणि गढूळपणा आधी-नंतर मोजावा. फरक 2 एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत आला तर ती मात्रा पुरे. त्यावर माती वाढवली की गाळात वाइन जाते आणि वासही उतरतो.

कॉलेज रोड : चिकटायच्या जागेचा हा मुद्दा पत्रकालाही लागू आहे. खळग्यांना प्रथिनाचा लेप देताना ते फार विरळ असेल तर भिंतीवर जागा मोकळी राहते आणि प्रत्येक रेणू पसरून चपटा होतो. गर्दी असेल तर पसरायला वाव नसतो. म्हणून लेपाचं द्रावण साधारण मिलिलिटरला 1 ते 10 मायक्रोग्रॅम ठेवतात, 9.6 पीएचचा कार्बोनेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), खळग्यात 100 मायक्रोलिटर, 4 अंशांवर रात्रभर.

आणखी एक. ‘प्रथिन खराब झाले’ असं लिहिण्याआधी ते नळीतच राहिलं नाही ना, हे विचारायला लावा. मिलिलिटरला 1 मायक्रोग्रॅमचं 1 मिलिलिटर द्रावण घ्या. नळीची ओली भिंत सुमारे 5 चौरस सेंटिमीटर आणि दर चौरस सेंटिमीटरला 0.2 मायक्रोग्रॅम चिकटलं, तर हिशेबाने सगळंच भिंतीवर! तेव्हा लिहा : ‘विरळ द्रावण साठवू नये. कमी चिकटणाऱ्या नळ्या वापराव्यात किंवा भिंत व्यापणारे दुसरे प्रथिन, अल्ब्युमिन, मिसळावे.’

सातपूर : ‘कायमचे चिकटते’ चालेल?

कॉलेज रोड : नको. नुसत्या पाण्याने सहसा सुटत नाही, हे खरं. पण दुसरं प्रथिन येऊन जागा घेऊ शकतं. रक्ताचे अभ्यासक लिओ व्रोमन यांनी रक्तद्रवाबाबत हेच दाखवलं, भिंतीवर आधी बसलेल्या प्रथिनांना पुढे दुसरी हटवतात. शिवाय एसडीएससारखा डिटर्जंट थर उतरवतो. ‘धुतल्यावर सहसा सुटत नाही’ एवढंच लिहा.

दिंडोरी रोड : आणि ‘ब्लॉकिंग’ला ‘अडवणूक’ करू नका. प्रयोगशाळेत सगळे ब्लॉकिंगच म्हणतात. फार तर खाली ओळ द्या : रिकाम्या जागा अल्ब्युमिनने भरणे, 1 टक्का, तासभर.