डोस डॉक्टरांचा, पण किडनीचा हिशेब कुणाचा?

थोरली: "फार्मासिस्टने चिठ्ठीवरच्या गोळ्या द्याव्यात, डोसमध्ये नाक खुपसू नये," अशी पोस्ट काल वाचली. राहवत नाही म्हणून लिहिते. आईला नागीण झाली होती. वय ८०, वजन ४५ किलो. नागिणीची गोळी, व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम, दिवसातून तीनदा. तिसऱ्या दिवशी ती कोऱ्या भिंतीवरून मुंग्या वेचायला लागली. सगळे म्हणाले, वय झालंय. फार्मासिस्टने मात्र फाईल मागितली. "क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून काढून टाकते तो कचरा, १.० दिसतंय. पण क्लिअरन्स, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त साफ करते, तो कुणी काढला का?" आला ३२. म्हणजे किडनी मंद, औषध अंगात साठत होतं; ही गोळी दिवसातून दोनदाच हवी होती. औषध थांबवलं आणि दोन दिवसांनी आईने मला नावाने हाक मारली.

रात्रपाळी: आई बऱ्या झाल्या, बरं वाटलं. पण मला फार्मासिस्टचे फोन येतात ते असे: सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गाने जिवावर बेतलेला पेशंट, क्रिएटिनिन चढलेलं, "डॉक्टर, अँटिबायोटिक निम्मं करा." पहिला डोस निम्मा करायचा नसतो! अशी किडनी बऱ्याचदा ४८ तासांत सावरते. तोवर औषध कमी पडलं तर माणूस हातचा जातो.

खलबत्ता: आम्हा फार्मासिस्टांत जो शिकलेला आहे तो पहिल्या डोसला हात लावत नाही. पुढचे कमी होतात, नाहीतर अंतर वाढतं. खरी बोंब वजनाची आहे. क्लिअरन्स काढायच्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राला वजन लागतं आणि फाईलवर असतं "अंदाजे ६०". या आजींचे ६० धरले तर ३२ चे ४२ होतात.

रात्रपाळी: मग रिपोर्टवरचा ईजीएफआर घ्या, तोही किडनीच्या कामाचाच अंदाज. २०२१ चं सूत्र वजन मागतच नाही.

खलबत्ता: त्याने याच आजींचे ५७ येतात! म्हणजे पूर्ण डोस, पुन्हा मुंग्या. तो आकडा १.७३ चौरस मीटर पृष्ठभागाच्या ठरावीक देहाचा आहे, या आजी त्याहून लहान. वजन करा.

रात्रपाळी: खाटेवरून न उठणाऱ्याला काट्यावर कोण उभं करणार, तुम्ही? रात्री तीस पेशंटना आम्ही दोघं असतो.

डायलिसिसवाला: आणि अंगावर सूज असली की काटाही फसवतो. आमचं वजन मशीनवर जाताना वेगळं, उतरताना वेगळं. पण खलबत्ता, तुमच्या लोकांवर माझा राग आहे. रक्तदाबाची रामिप्रिल, लघवीची गोळी आणि गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, हे किडनीला घातक त्रिकूट मी एकाच काउंटरवरून वर्षानुवर्षं नेलं. एकानेही हटकलं नाही.

खलबत्ता: हटकायला हवं होतं. चूक आमचीच.

थोरली: डॉक्टर, आईचं वजन मीच सांगितलं होतं. घरच्यांना विचारा ना.

रात्रपाळी: ठीक आहे, विचारतो. क्लिअरन्स काढून फोन केलात तर रात्री दोनलाही उचलेन. पहिला डोस मात्र पूर्णच जाईल.

खलबत्ता: जाऊ द्या. सकाळी क्रिएटिनिन पुन्हा पाठवा, तेवढं विसरू नका.