लेट्यूसच्या पानात भाजी टिकतच नाही, काय चुकतंय?

लातूरची काकू
यांचं बीपी वाढलंय, रात्री हलकं खा म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. लेक सुट्टीला आली तिनं टूम काढली, भाकरीऐवजी लेट्यूसच्या पानात चायनीज पद्धतीची भाजी. गंजगोलाईत चार गाड्यांवर विचारलं तर, "ते काय असतंय मावशी?" शेवटी बर्गरवाल्यांना माल देणाऱ्या दुकानात आइसबर्गचा (कोबीसारख्या गोल लेट्यूसचा) गड्डा मिळाला, ६० रुपयांना.

सोयाबीन वडीचा चुरा घरात होताच (लातुरात नसेल तर कुठं असणार). वाटीभर भिजवला, आलं-लसूण, गाजर, सिमला मिरची, सोया सॉस अन् सवयीनं मीठही. पान टरकन फाटलं, रस कोपरापर्यंत ओघळला, यांच्या पांढऱ्या बंडीवर काळा डाग. सासूबाई लांबूनच, "काय करायलालीस ग हे? पाल्यात पाला!" सगळ्यांनी चमच्यानं खाल्लं अन् वर भाकरी मागितली.

मोठी आच
संभाजीनगरला हॉटेलच्या किचनात सहा वर्षं काढली, म्हणून सांगतो. चुरा भिजल्यावर मुठीत घेऊन दाबून पिळायचा, थेंब पडायचा थांबेपर्यंत. मग लोखंडी कढई धूर येईस्तोवर तापवून आधी एकटा चुराच परता, भाज्या शेवटी एक मिनिट. मीठ आधी घातलं की भाजीला पाणी सुटतं. पळीभर पाण्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर कालवून शेवटी ओता, रस भाजीला चिकटून बसतो. आणि भाजी कोमट होऊ द्या, कढत भाजीनं पान लगेच मान टाकतं.

पान सोलायची पण रीत आहे. गड्ड्याचा दांडा ओट्यावर दणकन आपटा, पिरगाळा, अख्खा निघून येतो. त्या खळग्यात नळ सोडला की पाण्याच्या जोरानं पानं आपोआप सुटी होतात. दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवून कापडावर कोरडी करा. कोरडी म्हणजे कोरडी.

बांधावरची
बीपीचं राहिलंच की! सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमच्या वर मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. काकू, वरचं मीठ बंद, सॉस निम्मा, बाकी लिंबू पिळा.

आणि सासूबाईंना सांगा, पाल्याला हसू नका. आपली पाथरी अन् लेट्यूस एकाच कुळातले. पाथरीचा देठ मोडला की पांढरा चीक येतो ना, लेट्यूसचा देठ चिरून बघा, तोच चीक. ऊन वाढलं की लेट्यूस तुरा काढतं अन् कडू होतं. म्हणून जे काय करायचं ते थंडीत. उन्हाळ्यात पत्ताकोबीची पानं दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून घ्यावीत, फाटत तर नाहीतच.

नांदेडचा, सध्या चाकण
मी कोरियन कंपनीत आहे. त्यांच्यात याला 'साम' म्हणतात, लेट्यूसच्या पानात भात, भाजलेलं मांस, वर सोयाबीनची आंबवलेली चटणी. पहिल्यांदा जेवायला नेलं तेव्हा मी पान फ्रँकीसारखं गुंडाळून दातानं तोडायला गेलो, सगळं ताटात. शेजारचे साहेब हसले आणि करून दाखवलं: तळहातावर पान, मधोमध थोडंसंच, कडा वर घेऊन पुरचुंडी, आणि अख्खी तोंडात. दोन घास करायचेच नाहीत. काकू, तुम्ही बहुतेक पान भरून गच्च केलं असणार. अर्धं पान आणि एक चमचा, बस्स.

लातूरची काकू
केलं, काल रात्री. दांडा आपटला तर सासूबाई देवघरातून दचकून बाहेर आल्या. पण पान अख्खं निघालं बघा, वाटीसारखं! कात्रीनं अर्धं केलं, चुरा पिळून पिळून मनगट दुखलं. मीठ नाही, लिंबू अन् भाजलेल्या शेंगदाण्याचं जाडसर कूट. यांनी अकरा खाल्ले, बंडी पांढरीच.

सासूबाईंनी सोया सॉसला हात लावला नाही. त्यांनी पानात नुसती कारळाची चटणी अन् कांदा घेतला, वर तेलाची धार. पुरचुंडी तोंडात टाकली, बराच वेळ चावत बसल्या, मग म्हणाल्या, "पाथरीपेक्षा कमी कडू हाय. आनखी दोन दे."